डबा राहिलाय तुझ्याकडं

रंजना गेल्याची बातमी आमच्या गल्लीत मला सगळ्यांत शेवटी कळली, आणि याचा मला आजही राग येतो. सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली भाजीची गाडी उभी होती, पण भाव कुणी करत नव्हतं. चार बायका नुसत्याच उभ्या होत्या, त्यांत समोरच्या सरलाकाकू पवारही. मी वरूनच विचारलं, काय झालं, तर काकूंनी मान वर केली. "तुम्हाला ठावं नाय का मॅडम? साळवेबाई गेल्या. पहाटं, झोपेतच." रंजना साळवे आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकींना चिकटून होती. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर आणि मध्यावर माझं... आणि ती गेल्याचं भाजीवालीला माझ्याआधी ठाऊक. दुःख झालं, पण ते नंतर. आधी मनात आलं ते हेच, की यांना कळलं आणि मला कसं नाही कळलं. याला आता दोन महिने होत आले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी कुणीतरी तिच्यावर लिहायला हवं असा विषय निघाला तेव्हा मी लगेच हो म्हणाले, कारण दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चाललं नसतं.

आमची शेवटची भेट कॉलेजच्या फाटकाशी झाली. ती स्कूटीवर बसत होती. पायाशी ठेवलेल्या पिशवीत नेहमीप्रमाणे भांडी खडखडत होती. मला बघून थांबली. "अगं सुनंदा, माझा एक डबा राहिलाय तुझ्याकडं." मी म्हटलं, पाठवते कुणा पोरीच्या हाती. "पोरीच्या हाती नको. तूच घेऊन ये, बसू थोडं." मी "बघते" म्हणून रिक्षाला हात केला. घाईत होते, आणि खरं म्हणजे वैतागलेही होते. हिच्या घरात अख्ख्या गल्लीची भांडी, आणि एका डब्यासाठी मला फाटकात अडवते, असं वाटलं. भांड्यांचं हे प्रकरण काय होतं ते सांगायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

आम्ही दोघी विद्यापीठाच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकवायचो. ती मराठी, मी राज्यशास्त्र. ती सोयगावकडच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. वडील लवकर गेले, आईनं मजुरी करून शिकवलं. लग्न केलं नाही, का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मी वैजापूरची, घरी शेती, कांद्याचं पीक, मराठा घरात असतो तेवढा ताठा. सुरुवातीला मीच तिला शहर दाखवलं, भाड्याची खोली मीच शोधून दिली, हे मी लोकांना अधूनमधून आठवण करून देत असे. पुढं पुढं कुणी ते ऐकून घेईनासं झालं, कारण तोवर शहर तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखू लागलं होतं.

एका वर्षी प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं की मूल्यांकन समिती येणार आहे आणि कॉलेज आसपासच्या वस्त्यांशी जोडलेलं दिसलं पाहिजे. समन्वयक म्हणून माझं नाव पुढं आलं. मी अर्धवट काम करणारी बाई नाही. नागरिकांच्या हक्कांवर व्याख्यान ठेवलं, सभागृह घेतलं, फ्लेक्स लावला, गल्लोगल्ली पत्रकं वाटली, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ आणलं. वस्तीतून सरलाकाकू आल्या आणि एक आजोबा आले, तेही पंख्याखाली बसायला. पुढच्या व्याख्यानाला आजोबाही आले नाहीत, हजेरी लावून आमचीच पोरं बसवावी लागली. वस्तीशी जोडलं जायचं म्हणून मी जी धावपळ केली तिच्यात माझी खरी ओळख वाढली ती फक्त फ्लेक्सवाल्याशी.

रंजनाला कुणी कसलीही जबाबदारी दिली नव्हती. एका दुपारी ती आपला दुसऱ्या वर्षाचा वर्ग घेऊन घरी आली. कॉलेजात वीज गेली होती म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. एवढ्या पोरांना चहा करायला तिच्याकडं मोठं भांडं नव्हतं. ती सरळ पवारांच्या दारात गेली. "काकू, मोठं पातेलं हाय का? पोरं आलीत माझी." काकूंनी पातेलं दिलं. त्यांच्या सूनबाईनं दूध दिलं. मग एवढी पोरं कोण आहेत ते बघायला सासू-सून दोघी येऊन ओट्यावर बसल्या... दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायची वेळ आली तेव्हा रंजनानं एका पोरीला पाठवलं, पण रिकामं नाही. आपल्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. ही घरोघरची साधी रीत तिनं उचलली आणि तिचा अभ्यासक्रम करून टाकला. वस्तीत जाताना काही घेऊन जायचं नाही, काहीतरी मागायचं. मागितलेलं परत द्यायला ज्यानं नेलं त्यानंच जायचं, आणि त्यात स्वतःजवळचं काहीतरी घालून द्यायचं. एकानं शेतातल्या शेंगा घातल्या. एकाकडं घालायला काहीच नव्हतं, तर त्यानं बसून त्या घराचं वीजबिल समजावून दिलं, आणि ते रंजनानं चालवून घेतलं. मग त्या घरांनाही चैन पडेना, तीही आपलं भांडं भरून पाठवू लागली. वर्षभरात कुणाच्या मांडणीवर कुणाचं ताट आहे ते नाव वाचल्याशिवाय कळेना.

मी स्टाफरूममध्ये तिला टोकलं. "अगं, हा काय अभ्यासक्रम आहे का? भांड्यांची ने-आण?" ती पेपर तपासत होती, तिनं मानही वर केली नाही. "आपण नुसतं द्यायला निघतो सुनंदा. देणाऱ्याच्या दारात किती वेळ बसणार माणूस? ज्यानं आपल्याला काही दिलंय, तो मात्र हक्कानं येतो." पुढचा पेपर घेतला, आणि वेळापत्रक सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आमच्या आईच्या भांड्याला गावात कुणी हात लावत नसे. पाणी वरून ओतायचे. म्हणून म्हटलं, सुरुवात भांड्यापासूनच करावी." तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही सांगते. मला तिचा हेवा वाटला. तिच्या कामाला असं मूळ होतं, माझ्या कामाला फ्लेक्स होता.

माझ्याही घरी तिची भांडी येऊ लागली. माझी आई, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती माझ्याकडंच राहते. पहिल्या दिवाळीला रंजनानं फराळाचा डबा आणला तेव्हा आक्कानं तो स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला नाही, खिडकीत ठेवला. मी पाहिलं. रंजनानंही पाहिलं, आणि "येते आक्का" म्हणून हसत निघून गेली. मी वर्गात समतेवर तास घेते, पण त्या रात्री आक्काला काय बोलावं ते मला सुचलं नाही. रंजना तरीही येत राहिली. कधी कढीपत्ता मागायला, कधी चाळण मागायला, कधी नुसतंच आक्काला "गुडघा कसाय?" विचारायला. तिच्या डब्यांचा प्रवास खिडकीतून ओट्यावर आणि ओट्यावरून मांडणीवर कधी झाला ते मला कळलंही नाही. एक दिवस घरी आले तर आक्का रंजनाच्या डब्यातली भाजी त्याच डब्यातून खात बसलेली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझ्या घरातली गोष्ट दुसऱ्या कुणीतरी हलवली, हे बोचायचं ते बोचलंच.

पुढं तिनं पोरांना म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहायला लावल्या. मला वाटलं, चला, भांडी सुटली. पण तिचं म्हणणं, गोष्टसुद्धा मागूनच आणलेली, तीही रिकामी परत द्यायची नाही. म्हणून जे लिहिलं ते कॉलेजात द्यायच्या आधी त्या घरी जाऊन, शेजारपाजारी बसवून, मोठ्यानं वाचून दाखवायचं. घरच्यांनी नको म्हटलं तर तिथंच फाडायचं, मार्क मात्र पूर्ण. या वाचनाला गल्लीनंच नाव दिलं, वापसी. "आज कुणाकडं वापसी हाय?" असं बायका एकमेकींना विचारू लागल्या. आमच्या आक्काकडं शबाना नावाची पोरगी यायची. चार-पाच दुपारी येऊन बसली, आणि एका संध्याकाळी आमच्या अंगणात वापसी झाली. मी खुर्च्या मांडल्या, चहा केला, शेवटी बसले. शबाना वाचू लागली... मी सातवीत असताना वडील आजारी होते, हे मला आठवतं. पण तेव्हा कांद्याची गाडी घेऊन आक्का एकटी वैजापूरच्या मार्केट यार्डात गेली होती, हे मला माहीत नव्हतं. बाईमाणसाला व्यापारी भाव पाडून मागतील म्हणून तिनं वडिलांचा पटका डोक्याला बांधला, गाडीवर पाठमोरी बसून राहिली, बोली पुरेशी वर गेल्यावरच तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आता मागं सरायचं नाय." सगळं अंगण हसलं. आक्का लाजली, अशी लाजली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. रंजना तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून होती.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "ही गोष्ट मला का नाही सांगितलीस?" आक्का पाय चोळत म्हणाली, "तू कवा इचारलंस? तू घरी येती अन् पेपर घिऊन बसती." "मग रंजनाला बरी सांगितलीस." "रंजीला नाय, त्या पोरीला सांगितली. रंजीनं तिला धाडलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "लई गोड लिवलं गं पोरीनं." मी भांडी घासायला गेले. माझी आई, माझ्या वडिलांचा पटका, माझं वैजापूर, आणि ते सगळं मला वाचून दाखवायला रंजनाच्या वर्गातली पोरगी. तिला रंजी म्हणायला आक्कानं कधी सुरुवात केली, तेही मला ठाऊक नव्हतं. मला घरात कधी लाडाचं नाव नव्हतं.

रंजनाच्या वर्गाच्या चुकासुद्धा कामी यायच्या, याचं काय करायचं सांगा. आमच्या गल्लीत दोन पवार आहेत, सरलाकाकू आणि त्यांच्या शेजारचे. नळाच्या पाइपवरून त्यांचं वाजलेलं, बोलणं बंद. एकदा शबानानं काकूंचा डबा दुसऱ्या पवारांकडं नेऊन दिला, कारण डब्यावर नुसतं 'पवार' कोरलेलं. शेजारणीनं उघडला, आत गुलगुले. तिनं खाल्ले, मग लक्षात आलं की डबा आपला नाही. आता तो परत द्यायचा तर रिकामा देता येईना, आणि भरून द्यायचा तर तोंड उघडावं लागणार. दोन दिवस तो डबा त्या घरात पाहुण्यासारखा बसून होता. तिसऱ्या दिवशी ती शंकरपाळे घालून काकूंच्या दारात गेली, आणि दोघी दुपार उलटेपर्यंत रडत-बोलत बसल्या. गल्लीत झालं, काय डोकं बाईचं, मुद्दाम घडवून आणलं. शबाना तर रडवेली होऊन "मॅडम, गलती से हुआ" म्हणत फिरत होती. रंजना सगळ्यांना सांगायची, अहो चूक झाली पोरीची, मला ठाऊकही नव्हतं. कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मी ठेवला, म्हणून मला जास्त लागलं. माझं बरोबर केलेलं वाया जायचं आणि हिचं चुकलेलं फळाला यायचं.

मग समिती आली. मी फाइल तयार ठेवली होती, विषयवार रंगीत कागद लावून. समितीतल्या बाईंनी दोन पानं उलटली आणि विचारलं, आम्ही ऐकलाय तो भांड्यांचा उपक्रम कुठं आहे? प्राचार्य रंजनाकडं बघू लागले. ती म्हणाली, "इथं नाहीये मॅडम. गल्लीत आहे. यायचं का?" आणि ती मंडळी खरंच निघाली. सरलाकाकूंच्या ओट्यावर, पाच घरांच्या पाच तऱ्हेच्या कपांतून चहा प्यायली. समितीतल्या एका गृहस्थांनी आक्काला विचारलं की कॉलेजमुळं तुम्हाला काय फायदा झाला. आक्का म्हणाली, "फायदा कशाचा? उलट कालेजच आमच्याकडून नेतं. पातेली नेतं, चाळणी नेतं. पर वापस देतं, रिकामं नाय देत." गृहस्थ हसले, पण समितीतल्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. माझी फाइल गाडीतच राहिली. परतताना रंजना माझ्या शेजारी बसली होती. "तुझ्या फाइलमुळंच ते इथवर आले," असं म्हणाली. समजूत घालत होती, हे मला कळत होतं, आणि त्यानं मला जास्तच राग आला. त्यानंतर बरेच महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. ती मात्र येत राहिली. मी नसताना यायची, आक्काजवळ बसायची. त्याच दिवसांत केव्हातरी तिनं जवसाची चटणी आणून दिली. आक्कानं सांगितलं, डबा द्यायचा हाय. मी म्हटलं, देऊ नंतर.

ती गेल्यावर काही दिवसांनी सोयगावकडून तिचा धाकटा भाऊ घर आवरायला आला. त्यानं भांडी काढून ओट्यावर मांडली आणि गल्लीत निरोप धाडला, ज्याचं त्यानं न्यावं. मीही गेले. ओटा भांड्यांनी भरलेला. पातेली, परात, डबे, चाळण्या, एक इडलीपात्र. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव. बायका वाकून नावं वाचत होत्या, आपलं सापडलं की पदरानं पुसत होत्या. दोघी पवारणी तर कुठला डबा कुणाचा यावरून पुन्हा वाद घालत होत्या, पण हसून. मी दोनदा सगळ्यांवरून नजर फिरवली. आमचं आडनाव, 'निकम', कुठंच नव्हतं. मी वाटी-चमचेसुद्धा पाहिले. मला तसं शोधताना बघून सरलाकाकू म्हणाल्या, "तुमचं नसंल मॅडम. तुमचं तर बाई लगोलग देऊन टाकायच्या. म्हणायच्या, सुनंदाला उशीर केलेला चालत नाय." काकूंनी हे चांगल्या मनानं सांगितलं. मला मात्र वाटलं, अख्ख्या गल्लीचं काही ना काही तिनं आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं, येणं-जाणं राहावं म्हणून. एक माझंच चुकतं करून टाकलं होतं... मी भावाशी दोन शब्द बोलून घरी आले.

आक्का देवघरापाशी बसली होती. मी चपला काढता काढता म्हटलं, "तिच्याकडं आपलं काहीच नव्हतं. एक वाटीसुद्धा नाही." आक्कानं माझ्याकडं बघितलं. "आपलं तिच्याकडं कसं असंल? तिचं आपल्याकडं हाय." ती उठली, मांडणीवरून तो चटणीचा डबा काढून माझ्या हातात दिला. मी तो तोवर नीट पाहिलाच नव्हता. मला वाटलं होतं नेहमीचा स्टीलचा असेल. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा होता, जुना, एका बाजूनं चेपलेला, झाकण घट्ट बसावं म्हणून आतून दोरा गुंडाळलेला. बुडाशी वेडीवाकडी ठोकलेली अक्षरं होती. खिडकीपाशी नेऊन वाचली. 'पारूबाई साळवे'. तिच्या आईचं नाव. ज्या भांड्याला गावात कुणी हात लावत नसे, ते भांडं तिनं माझ्या घरी ठेवलं होतं, आणि ते मी स्वतः घेऊन यावं म्हणून मला फाटकात अडवलं होतं. सगळ्यांच्या दारात ती मागायला गेली. माझ्या एकटीच्या दारात ठेवूनही गेली. मी तिथंच खाली बसले. मी खूप वेळ रडले, त्या सकाळी गॅलरीत आलं नव्हतं तेवढं रडू तेव्हा आलं.

आता कॉलेजनं तिच्या नावानं एक खोली ठेवायचं ठरवलं आहे. गल्लीतल्या बायका त्यासाठी एकेक भांडं देणार आहेत, आणि दर महिन्याला तिथं वापसी व्हायची आहे. चांगलं आहे. मी समन्वयक आहे, मीच सगळं बघते आहे, आणि या वेळी फ्लेक्स लावलेला नाही. परवा शबाना घरी आली. ती आता एम.ए. करते. चहा घेतला, आक्काच्या गुडघ्याची चौकशी केली, मग चाचरत म्हणाली, "मॅडम, वो जर्मन का डबा... सरलाकाकी बोली तुमच्याकडे आहे. साळवे मॅडमच्या आईचा. खोलीत मधोमध ठेवायचा म्हणतात सगळे." मी नाही म्हटलं. तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

गल्लीनं ओट्यावरून आपापली भांडी उचलली, पुसली, घरी नेली. त्यांचं तिच्याशी देणं-घेणं आता काही उरलेलं नाही. डबा एकट्या माझ्याकडं राहिला आहे. आक्का मधूनच विचारते, "कवा देणार गं?" मी म्हणते, रिकामा कसा देऊ, काय घालायचं ते ठरू दे. गेल्या आठवड्यात मी जवस भाजून चटणी कुटली. तिच्यासारखी नाही झाली. झाकण लावून डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि आक्काला सांगून ठेवलं आहे की कुणी मागायला आलं तर द्यायचा नाही.